हेल्मेटमधलं हो

हे बघ भावा, आधी फक्त ऐक. मधे "मग?" सुद्धा म्हणू नकोस, माझी लिंक तुटते. चहा सांगितलाय, येईल तेव्हा येईल. ऐक.

आमच्या सेक्शनमधली पद्मजा मगदूम तुला माहीत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. डोक्यात काही शिजायला लागलं की टेबलावर बोटांनी टकटक करते, इतकी की समोरचा जमादार, आडनाव आहे ते, म्हणतो, "मगदूमबाई, तबल्याची परीक्षा द्या एकदाची." आम्ही कुपवाड एमआयडीसीत, 'द्राक्षिणी' कंपनीत. बेदाण्याची प्रतवारी करणारी मशिनं बनवतो. म्हणजे पट्ट्यावरून बेदाणा धावतो, वरून कॅमेरा बघतो, काळा असेल त्याला हवेचा एक फटका मारून बाजूला उडवतो. आमचा सेक्शन नवीन मशिनांचा. दहाबारा माणसं, आणि डोक्यावर बेडगकर सर.

आता सरांचं एक होतं. मीटिंगमध्ये ते नाही म्हणायचे. कशालाही. जमादारनं उलट्या ब्लोअरची आयडिया आणली, तर चष्मा काढून, पुसून, परत घालून म्हणाले, "नाही. बजेट नाही, वेळ नाही आणि गरज काय?" विषय संपला, मीटिंग संपली. मग सगळे एकदमच बाहेर पडायचे, पार्किंगमध्ये जायचे. सरांची जुनी पेट्रोलची स्कूटर, अख्ख्या पार्किंगमध्ये तेवढी एकच, बाकी सगळ्या बॅटरीवाल्या. सर पिवळं हेल्मेट घालायचे, काच वर करायचे, आणि कुणाकडेही न बघता म्हणायचे, "जमादार, मागच्या शेडमध्ये दोन जुन्या मोटारी पडल्यात. करून बघ. मला काही माहीत नाही." किक मारली, गेले.

झालं. हेच अप्रूव्हल.

आम्ही त्याला 'हेल्मेटमधलं हो' म्हणायचो. नवीन पोरगं जॉइन झालं, पहिल्या मीटिंगमध्ये नाही ऐकून तोंड पाडून बसलं, की कुणीतरी विचारायचंच, "पार्किंगमध्ये गेलतास का?"

सर असं का करायचे, तर पुण्याच्या ग्रुपनं आमची कंपनी घेतली तेव्हापासूनचा नियम. मीटिंगमध्ये मंजूर झालेल्या गोष्टीला नंबर पडतो, तिच्यावर कमिटी बसते, आणि ती फसली की ज्याची आयडिया त्याच्या अप्रेझलला कायमची चिकटते. पण नामंजूर झालेली गोष्ट फसूच शकत नाही ना! ती झालेलीच नसते. फसली तर भंगारातली मोटार परत भंगारात. जमली तर सर पुढच्या मीटिंगला म्हणायचे, "असं एक तयार झालंय, बघून घ्या." कुणी तयार केलं, कधी केलं, कुणी विचारायचं नाही. मशीन खपत होतं ना.

मग आक्का आली.

तिचं खरं नाव 'प्रतिसभा'. बाईचा आवाज आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायची सवय, म्हणून जमादारनं पहिल्याच दिवशी आक्का केलं. हवामानखातं अंदाज कसं काढतं, माहितेय ना? वारा, तापमान, दाब, सगळं कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि आत एक खोटं आकाश तयार करतात. ते आकाश हजारदा पुढं पळवतात. हजारातल्या नऊशे वेळा पाऊस पडला, की आपल्याला सांगतात, उद्या छत्री घ्या. आक्का तेच करते, फक्त आकाशाच्या जागी ऑफिस. आमच्या प्रत्येक मीटिंगचं रेकॉर्डिंग, प्रत्येक मेल तिला दिले. त्यातून तिनं आमचे एकेकाचे पुतळे बनवले. खोटा जमादार, खोटी पद्मजा, खोटा मी, खोटे बेडगकर सर. तू तिला सांगायचं, मला असं असं सुचवायचंय. ती आत ती मीटिंग हजारदा भरवते, चहा थंड व्हायच्या आत, आणि सांगते काय ठरणार. हवं असेल तर त्या त्या माणसाच्या आवाजात ऐकवते पण.

सुरुवातीला नुसती धमाल. जमादारनं विचारलं, "मी पगारवाढ मागितली तर?" आक्कानं सरांच्या आवाजात, चष्मा पुसण्याइतका वेळ थांबून सांगितलं, "नाही." अख्खा सेक्शन खिदळला. सरसुद्धा हसले. म्हणाले, "चला, माझं काम कमी झालं."

आणि खरंच कमी झालं! जे नामंजूरच होणार त्याची मीटिंग कशाला घ्यायची? मीटिंगाच बंद झाल्या. लोक वेळेवर घरी जायला लागले. जमादार पोरीला पोहायला न्यायला लागला. खर्च उतरला, भंगार उतरलं, ग्रुपच्या बातमीपत्रात आमचा फोटो आला, त्यात मी डोळे मिटलेला. कुणाचीच तक्रार नव्हती. खरं सांगतो, माझीही नव्हती.

फक्त एक झालं, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मीटिंग नाही म्हटल्यावर सगळे मिळून पार्किंगमध्ये जाणंही बंद झालं. ज्याचं काम आटपेल तो निघायचा.

त्या वर्षी ऐन बेदाणा वाळत असताना पाऊस लागला. बेदाणा वरून कोरडा, आतून ओला. असा एक दाणा खोक्यात गेला की अख्ख्या खोक्याला बुरशी. आणि कॅमेऱ्याला तो दिसत नाही, कारण द्राक्षं वाळवण्याआधी तेलाच्या पाण्यात बुडवतात ना, त्याची चकाकी सगळ्या दाण्यांवर सारखीच. परत आलेली खोकी गोडाऊनमध्ये रचलेली.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत पद्मजा म्हणाली, "सुक्या, डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे!"

मी मिटले. तिनं डब्याचं झाकण उपडं ठेवलं आणि वरून एक बेदाणा सोडला. टिक्. मग दुसरा. ठप्.

"ऐकलंस?"

"हां, पडले की दोन."

"दुसरा ओला होता, येड्या. कोरडा दाणा कडक असतो, पत्र्यावर आपटून उडतो. ओला मऊ असतो, धक्का पोटात घेतो. कॅमेऱ्याला फरक दिसत नाही, पण पत्र्याला कळतो. पत्र्याखाली माइक लावायचा. दाणा पडला, आवाज ऐकला, ओला असेल तर उडवला. बास!"

मग तिनं मला डबा संपेपर्यंत परीक्षेला बसवलं. मी डोळे मिटून ओला, कोरडा, ओला सांगतोय, आणि शेजारून जाणारे लोक बघतायत. एकदाही चुकलो नाही, माहितेय!

आता आयडिया आली की आक्काला विचारायचं, ही सवयच झाली होती. विचारलं. आक्का सरांच्या आवाजात म्हणाली, "पद्मजा, कॅमेरा आहे ना आपल्याकडे? मग कान कशाला? नाही."

पद्मजा हसली. "सेम टु सेम सर!" आणि संध्याकाळी पर्स उचलून थेट पार्किंगमध्ये गेली. मी पण मागे गेलो, मला मजा बघायची होती.

सर आले. हेल्मेट घातलं. काच वर केली. पद्मजा समोर उभी, वाट बघत. सर तिच्याकडे बघून म्हणाले, "काय गं, पंक्चर?"

त्यांना माहीतच नव्हतं ना! मीटिंग झालीच नव्हती. आयडिया त्यांच्या कानावर गेलीच नव्हती.

"नाही सर. एक आयडिया होती."

"आक्काला विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणाली."

"म्हणजे मी नाही म्हणालो?"

"हो, तुमच्याच आवाजात."

"मग नाही," म्हणाले. काच खाली. किक. गेले.

पद्मजा तिथंच. मी म्हटलं, चल, वडा खाऊ. ती म्हणाली, "अरे, पुढचं वाक्य राहिलं."

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये घुसली. दार उघडं होतं आणि माझं टेबल दाराला लागून, त्यामुळे सगळं ऐकलं.

"सर, आक्काचं राहू दे. तुम्ही काय म्हणता?"

"मी काय वेगळा आहे? हे बघ, परवा मी तिला एक विचारलं. म्हटलं, मी इथं आल्यापासून नवीन गोष्टीला हो कितीदा म्हणालो? सांगू काय म्हणाली? एकदाही नाही."

"सर, ब्लोअर? ब्लोअरला कोण हो म्हणालं होतं?"

"त्याला मी नाही म्हणालो होतो. ऐकवू?" आणि त्यांनी ऐकवलं. त्यांचाच आवाज, जुना. बजेट नाही, वेळ नाही आणि गरज काय.

"सर, पण नंतर पार्किंगमध्ये..."

"पार्किंगमध्ये काय बोलायचो ते मला धड आठवत पण नाही गं. हे मात्र सगळं आहे. तारखेसकट. एक सांगतो पद्मजा, मी स्वतःला जरा बरा माणूस समजत होतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "जा, काम कर."

म्हणजे बघ हं. माणूस समोर बसलाय, जिवंत, आणि स्वतःला काय वाटतं ते स्वतःच्या पुतळ्याला विचारतोय. पुतळा नाही म्हणतो म्हणून हाही नाही. मग ते नवीन 'नाही'सुद्धा आक्काच्या रेकॉर्डमध्ये जातं, आणि पुतळा आणखी पक्का.

त्यानंतर वर्षभरात आमच्या सेक्शनमधून काहीही बाहेर पडलं नाही. खर्च कमी, फायदा बरा, आणि नवीन मशीन शून्य. शेवटी पुण्याहून निरोप आला की सेक्शन बंद करायचा विचार आहे. बघायला सरदेशपांडे मॅडम येणार.

पद्मजा सारखी टकटक करायला लागली. इथून सेक्शन गेला की तिला कॅमेऱ्याच्या काचा तपासायच्या लाइनवर टाकणार, हे ठरल्यातच जमा होतं. आणि तिचं कानाचं मशीन डब्याच्या झाकणावरच राहणार. एक दिवस टकटक थांबली.

"सुक्या, पत्र्याच्या शेडखाली पर्जन्यमापक ठेवला तर काय होईल?"

"कोरडा राहील."

"आणि मग जिल्ह्यात दुष्काळ आहे म्हणून जाहीर करायचं! अरे, आक्कानं आपल्याला फक्त मीटिंगमध्ये बघितलंय. आपली कंपनी मीटिंगमध्ये चालतच नव्हती. चालायची पार्किंगमध्ये. तिला हेल्मेट माहीतच नाही!"

मी म्हटलं, "मग सांग ना मॅडमना! सेक्शन वाचेल, तुझं मशीन होईल."

"आणि सर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मंजुरीशिवाय कंपनीचा माल वापरणं, म्हणजे ग्रुपच्या नियमात सरळ चोरी. भंगारातली मोटार असली तरी. आणि सर हे इतकी वर्षं करत आलेले. दिवाळीला रिटायर होणार होते. समारंभाचा हॉलसुद्धा बुक झाला होता.

मॅडम आल्या. म्हणजे वाईट नव्हत्या हां त्या, उलट सेक्शन वाचला तर बरं असंच त्यांना वाटत होतं. सगळ्यांना बसवलं. आक्का चालू, भिंतीवर तिचा हिरवा दिवा. मॅडम म्हणाल्या, "मला एक कळत नाही. आक्काच्या म्हणण्याप्रमाणे इथं आजवर एकही नवी कल्पना मंजूर झालेली नाही. तरी एवढी चांगली मशिनं बाहेर कशी पडली? आक्का प्रत्येकापुढे एकच लिहिते, उगम अज्ञात."

जमादारनं छताकडे बघितलं. मी टेबलाकडे.

"असो," मॅडम म्हणाल्या, "कुणाला काही दाखवायचं आहे?"

पद्मजानं पिशवीतून डब्याचं झाकण काढलं. बेदाणे काढले. एक सोडला. टिक्. दुसरा. ठप्. समजावलं, मला समजावलं होतं तसंच. मॅडम वाकून बघत होत्या. सर मात्र खिडकीबाहेर बघत बसलेले. मग सर एकदम म्हणाले, "परत टाक."

तिनं टाकला. सरांनी डोळे मिटले.

"परत."

टिक्. ठप्. ठप्. टिक्. सर मान हलवत होते, गाण्याला बसल्यासारखे. मग उठले, कपाटावरचं पिवळं हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, पट्टा लावला, काच वर केली. भर मीटिंगमध्ये! आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "मगदूम, स्टोअरमध्ये जुन्या स्पीकरचे माइक पडलेत. करून बघ. मला काही माहीत नाही."

मग भिंतीवरून आक्का बोलली, "आवाज बेडगकर यांचा आहे. विधान बेडगकर यांचं असण्याची शक्यता नगण्य. नोंदीतून वगळू का?"

जमादार फुटला. मी पण. पण मॅडम हसल्या नाहीत. हुशार बाई. त्या हेल्मेटकडे बघत होत्या, मग सगळ्या जुन्या मशिनांच्या यादीकडे, परत हेल्मेटकडे.

"बेडगकर, हे आधीही व्हायचं?"

"मला काही माहीत नाही," सर म्हणाले. सवयीनं म्हणाले की मुद्दाम, देव जाणे.

मग मॅडम पद्मजाकडे वळल्या. "तुम्ही सांगा. हे असं आधीही व्हायचं? नीट विचार करून सांगा. रेकॉर्डिंग चालू आहे."

नाही म्हटलं असतं तर सर हार घालून, श्रीफळ घेऊन घरी. सेक्शन बंद, झाकण परत डब्यावर. हो म्हटलं तर उलटं. सरांच्या हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते आम्ही समोर बसून पण सांगू शकत नव्हतो. पद्मजाची बोटं टेबलावर. टक टक टक. थांबली.

"हो," ती म्हणाली. "दर वेळी. पार्किंगमध्ये. ब्लोअर तिथलाच, डबल पट्टा तिथलाच, सगळं तिथलंच."

आक्का म्हणाली, "धन्यवाद. नोंद घेतली."

पुढचं पटकन सांगतो. सेक्शन वाचला. सरांना दिवाळीआधीच जायला सांगितलं, हॉल कॅन्सल झाला. चौकशी झाली नाही, तेवढं मॅडमनी बघितलं. पद्मजाचं मशीन झालं, आणि कसलं झालं भावा! तासगावच्या सौद्यात लोक डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत उभे राहतात. पद्मजा आता सेक्शनची हेड. सरांच्याच केबिनमध्ये बसते.

आणि आक्का सुधारली. पुण्याहून माणसं आली, पार्किंगच्या दिव्याच्या खांबावर एक माइक बसवून गेली. "खरी संस्कृती कळली पाहिजे," असं बातमीपत्रात आलं. आक्का आता कधीकधी हो पण म्हणते. हो म्हटलं की नंबर पडतो, कमिटी बसते, अप्रेझलला चिकटतं. आणि पार्किंगमध्ये आता कुणी बोलत नाही. लोक आतूनच हेल्मेट घालून येतात, काच खाली. जमादारला परवा काहीतरी सुचलं होतं. खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "उद्या पाऊस आहे म्हणे," आणि गेला.

मागच्या आठवड्यात पद्मजाला सर भेटले. माधवनगर रोडला तो एकच पेट्रोल पंप उरलाय ना, तिथं. तीच स्कूटर. पद्मजा गाडी बाजूला लावून धावत गेली. दोघं थोडं बोलले, मशीन कसं चाललंय, घरी सगळे बरे का. मग हिनं विचारलंच. "सर, मी चुकले का?"

सरांनी हेल्मेट घातलं. पट्टा लावला. काच वर केली. तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला काही माहीत नाही." किक मारली, गेले.

तेव्हापासून आमचं भांडण चाललंय. मी म्हणतो, अगं हेल्मेट घातलं, काच वर केली, तुझ्याकडे बघितलं नाही, हेच तर त्यांचं हो! ती म्हणते, नाही सुक्या, "करून बघ" म्हणाले नाहीत. नुसतंच माहीत नाही म्हणाले. आणि टकटक करत बसते.

चहा आला बघ. घे. पण आधी सांग. तो हिरवा दिवा चालू आहे, मॅडम बघतायत, सर हेल्मेट घालून समोर उभे आहेत, आणि तुला विचारलंय. तू काय म्हणाला असतास?